आपल्या घरची पेटी आपण करायची नाही

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की आमचा धंदा शवपेट्यांचा. दिवाळी अंकात फराळाच्या जाहिरातीशेजारी शवपेटी बरी दिसेल का, याचा विचार करा. त्या म्हणाल्या, वाचक आता मोकळ्या मनाचे झालेत. मग म्हणाल्या, “आणि ताई, तुम्ही ख्रिस्ती आहात, जन्मभर क्रूस तयार केलेत. तर क्रुसाचा रोजच्या जगण्यात काय अर्थ असतो, तेही जरा येऊ द्या.” मी म्हटलं, अर्थ आमचे पाळकसाहेब सांगतात, दर रविवारी आणि सविस्तर. मी फक्त लाकडाचे केले. त्या म्हणाल्या, “मग तेच लिहा.”

लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. आता तिथे टॉवरचं पार्किंग आहे. दुकान सासऱ्यांनी काढलं आणि माझा नवरा शरद यानं चालवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा स्थळ आणणाऱ्या मावशींनी ‘मुलाचा लाकडाचा व्यवसाय आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात गेले, तर समोर भिंतीला टेकून पेट्या उभ्या. मी शरदला विचारलं, “ही कपाटं अशी निमुळती का?” त्यानं खरं ते सांगितलं आणि चहा मागवला. चहा मी घेतला. महिन्याभरात पेटीच्या आतलं सॅटिनचं अस्तर मी लावायला लागले, मग क्रुसावर पांढऱ्या रंगानं नावं घालायला लागले आणि हळूहळू रंधा, करवत सगळंच हातात आलं.

ज्यांना आमच्या धंद्याची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती असते. बाजूची फळी खांद्यापाशी वाकवावी लागते. त्यासाठी आतल्या अंगानं करवतीचे बारीक काप घ्यायचे, वर गरम पाणी ओतायचं आणि फळी मऊ झाली की हळूच वळवायची. घाई केली तर ती मोडते. बाहेरून कड्या लावायच्या, झाकणावर क्रूस लावायचा. दुसरा एक लाकडी क्रूस वेगळा असतो, नाव लिहिलेला. तो प्रेतयात्रेत पेटीच्या पुढे एक माणूस हातात धरून चालतो आणि मग तो कबरीच्या डोक्याशी रोवतात. मुंबईत जागेची अडचण मेल्यावरही सुटत नाही. बहुतेकांची कबर काही काळापुरतीच असते. मुदत संपली की माती उकरून हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. शिवाजी पार्कच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांना हे समजावून सांगितलं, तेव्हा ते फार नाराज झाले. ते स्वतःच्या कबरीसाठी सागवानी क्रूस सांगायला आले होते आणि त्याची गॅरंटी किती वर्षांची हे त्यांना लेखी हवं होतं. शरद म्हणाला, “साहेब, क्रूस तुमच्यापेक्षा जास्त टिकेल, पण तिथे उभा राहील याची खात्री नाही.” त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. अजून चालताना दिसतात, तब्येत उत्तम आहे.

कॅथलिकांच्या क्रुसावर प्रभूची मूर्ती असते. आमचा प्रॉटेस्टंट लोकांचा क्रूस रिकामा असतो, कारण प्रभू मरणातून उठला. दुकानात दोन्ही ठेवावे लागतात, वेगवेगळ्या खोक्यांत. एकदा आमच्या हातून खोकी बदलली आणि आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, एका गृहस्थाच्या पेटीवर मूर्तीचा क्रूस गेला. मयताचे थोरले भाऊ घरातच ओरडायला लागले, “आमचा प्रभू उठलेला आहे! याला आधी खाली उतरवा!” शरद खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पुढे झाला. तेवढ्यात ती नुकतीच विधवा झालेली बाई कोपऱ्यातून म्हणाली, “भावजी, राहू द्या थोडा वेळ. ह्यांना तेवढीच सोबत.” थोरले भाऊ बाजूला झाले. मूर्ती कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेली आणि फाटकाशी शरदनं ती काढली. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हे कसं बसतं, ते मला ठाऊक नाही.

आणखी एक काळाचौकीचं घर आठवतं. आई ख्रिस्ती, वडील बौद्ध, मुलगे वडिलांच्या वळणावर गेलेले. आई गेली आणि मुलगे दुकानात येऊन उभे राहिले. थोरला एका बँकेत अधिकारी होता. तो म्हणाला, “आमचा देवाबिवावर विश्वास नाही. पण तिचा होता. तिचं जसं असतं तसंच सगळं करा.” तिच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पुढचा क्रूस कोण धरणार असा प्रश्न आला. थोरल्यानंच तो धरला. सबंध वाट छातीशी धरून चालला, आणि कबरीपाशी आल्यावर मला हळूच विचारलं, “मावशी, उलटा तर नाही ना धरला मी?” मी म्हटलं, सरळ आहे. सरळच होता.

आता लोक क्रूस या शब्दाचं काय करतात ते सांगते. मंडळीत कुणालाही विचारा, प्रत्येकाचा एक क्रूस असतो, म्हणजे जन्माचं ओझं. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाची सून. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई बाथरूममधल्या गळतीला माझा क्रूस म्हणायच्या. प्लंबर आला आणि त्यांचा क्रूस दोन तासांत उतरला. मला हे ऐकून मजा वाटायची, कारण आमच्या दुकानात क्रूस वजनावर कळायचा आणि तो कुणाला न विचारता अंगावर पडत नसे. गुडघा मला विचारून दुखत नाही. पण क्रूस हातात घेणारा माणूस तो खाली ठेवू शकतो, ठेवला तर कुणी काही बोलत नाही, आणि तरी तो धरून चालत राहतो. हे मला कुठल्या प्रवचनात कळलं नाही. शरदकडे बघून कळलं, तेही तो गेल्यावर, आणि समोरच्या आल्बर्टमुळे.

आल्बर्टचं दुकान आमच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडे. धंदा तोच. तो कॅथलिक, ईस्ट इंडियन म्हणजे मूळचा मुंबईचाच, शरदपेक्षा थोडा लहान. दोघांच्या वडिलांनी दुकानं जवळजवळ बरोबरच काढलेली. एकाच गल्लीत पेट्यांची दोन दुकानं म्हणजे वैर असणार असं लोकांना वाटायचं. तसं काही नव्हतं, कारण आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपल्या घरचं माणूस गेलं तर त्याची पेटी आपण करायची नाही. आपल्या दुकानातल्या कारागिरानंही करायची नाही, आपली हत्यारंसुद्धा लावायची नाहीत. ती दुसऱ्या दुकानानं करायची. रीत कुणी पाडली माहीत नाही, पण तिच्यात शहाणपण आहे. आईचं माप घेताना हात थरथरला तर फळी वाया जाते. माझ्या सासऱ्यांची पेटी आल्बर्टच्या वडिलांनी केली, त्यांची पेटी शरदनं केली, सासूबाईंची आल्बर्टनं. समोरच्याशी भांडून चालणारच नाही अशी ती सोय होती.

मग एकदा दादरला एका कॅथलिक घरी मयतीला शरद खांदा द्यायला गेला. पेटी आल्बर्टच्या दुकानातली होती. शरदनं कडी धरली आणि त्याच्या बोटांना ती ओळखीची लागली. शरदला एक सवय होती. कडीची आतली कड तो कानशीनं घासून गोल करायचा, उचलणाऱ्याच्या बोटांना लागू नये म्हणून. दुसरं कुणी ते करत नसे, कारण ते कुणाला दिसत नसे. म्हणजे ती कडी शरदनं कधीतरी पुरलेल्या पेटीची होती. कबर पुन्हा उघडली तेव्हा बाहेर आली असणार, आणि तिथून आल्बर्टकडे. पुरलेलं सामान पुन्हा विकणं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम. शरदनं कडीकडे बघितलं, मग आल्बर्टकडे बघितलं. आल्बर्टनं ते बघितलं. दोघांनी पेटी उचलली.

घरी येऊन शरदनं मला सांगितलं आणि म्हणाला, “कुठे बोलू नकोस. त्याला कळलंय मला कळलंय ते. पुन्हा करणार नाही.” शरदचा माणसांचा अंदाज फारसा चांगला नव्हता. हा कुठेतरी बोलणारच या भीतीनं आल्बर्टनं आधी स्वतः बोलून टाकलं. आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एकांच्या कानावर त्यानं घातलं, की शरद कबरस्तानातून जुन्या फळ्या आणि कड्या आणतो, पॉलिश मारून पुन्हा विकतो. त्या पंचांनी ते बाकीच्या पंचांना प्रार्थनेच्या विषयासारखं सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो.

त्यानंतर आमच्याच मंडळीचे लोक आमच्याच दुकानासमोरून आल्बर्टकडे जायचे. जाताना चपला बघत जायचे. एक बाई तर येऊन झाकणाचा वास घेऊन गेल्या. मी शरदला म्हटलं, “पंचांकडे जा आणि ती कडी कुणी लावली होती ते सांग. एक वाक्य आहे.”

“सांगितलं तर त्याचं दुकान उठेल,” शरद म्हणाला. “आपलं उठणार नाही. आपल्याला फक्त ऐकून घ्यावं लागेल.”

“किती दिवस?”

“ते मला काय माहीत?”

“लोक तुला चोर म्हणतायत रे.”

“मला माहीत आहे ना मी कोण आहे ते. तुला माहीत आहे. अजून किती लोकांना कळायला हवं?”

मी म्हटलं, सगळ्यांना. मला सगळ्यांना कळायला हवं होतं. शरद रंधा घेऊन कामाला लागला. त्याचा मला आल्बर्टपेक्षा जास्त राग यायचा. आल्बर्ट निदान घाबरला होता. हा माणूस शांतपणे घाम पुसत होता आणि रस्त्यात आल्बर्ट दिसला की ‘काय रे, बरा आहेस ना?’ विचारत होता. आल्बर्टला ते फार जड जायचं. तो मान खाली घालून ‘हो दादा’ म्हणायचा.

त्या घरातलं एकच माणूस आमच्याशी पूर्वीसारखं होतं. आल्बर्टची आई, रोझमाय. दुपारी दुकानाच्या दारात स्टुलावर बसून ती जपमाळा ओवायची. दर ईस्टरला ती माझ्याकडे मसाल्याची बाटली पाठवायची, भांडणाच्या वर्षांतसुद्धा. मी ती ठेवून घ्यायचे आणि वापरायचे. मसाल्यावर राग काढण्याइतकं माझं काही त्या बाईशी नव्हतं, आणि मसाला उत्तम असायचा.

शरद गेला तो अचानक. परळच्या इस्पितळात सकाळी दाखल केला आणि दुपारी संपलं. घरी आणलं. आमचा कारागीर रघुनाथ, मालवणकडचा, काळाचौकीच्या चाळीत राहणारा, आमच्याकडे जन्म काढलेला माणूस. गणपतीच्या दिवसांत मंडळाचं मखर करायचा आणि बाकी वर्षभर आमच्या पेट्या. तो म्हणाला, “वैनी, मी करतंय पेटी.” मी म्हटलं, नाही. शरदनं आईवडिलांसाठी जी रीत पाळली, ती त्याच्यासाठी मोडायची नाही. समोर जा आणि आल्बर्टला सांग.

रघुनाथ गेला आणि परत आला. समोरचं शटर खाली होतं. भरदुपारी, चालू दिवशी. घर दुकानाच्या वरच, मी स्वतः गॅलरीत जाऊन पाहिलं. शटर खाली होतं आणि खालच्या फटीतून आतला दिवा दिसत होता.

पेटी शेवटी फोन करून दुसरीकडून मागवली. मी माप सांगितलं होतं, त्यांनी तयार होती ती पाठवली. शरद उंच होता. पेटी आखूड पडली. बदलायला वेळ नव्हता, पाळकसाहेब आले होते, लोक उभे होते. पाय दुमडून, गुडघे एका बाजूला करून त्याला बसवावं लागलं. आयुष्यभर लोकांना नीट निजवणारा माणूस स्वतः अवघडून गेला. मी अस्तर ओढून पायांवर घातलं, म्हणजे कुणाला दिसू नये. मला दिसत होतं. कुणी क्षमेबद्दल बोलायला लागलं की आजही मला आधी ते गुडघे दिसतात.

दुकान मी आणि रघुनाथनं चालवलं. ती कडीची गोष्ट मला ठाऊक होती, शरद आता थांबवायला नव्हता, आणि तोंड माझं होतं. रोज शटर वर करताना मनात यायचं, आज सांगू. बोलले नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. जे शरदनं इतकी वर्षं धरून ठेवलं ते मी एका सकाळी टाकून दिलं, तर तो उगाचच उचलत राहिला असं झालं असतं. आल्बर्टशी मात्र मी एक शब्द बोलत नव्हते. कामापुरतं रघुनाथ बोलायचा.

मग रोझमाय गेली. खूप थकली होती, सकाळी चहा घेता घेताच गेली. गल्लीत कळलं. मी दुकानात होते. रघुनाथ माझ्याकडे बघत होता आणि मी अस्तराला झालर लावत होते. आल्बर्टच्या येण्याची मी वाट बघत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तो आला असता तर काय सांगायचं तेही ठरवून झालं होतं. दोन-चार वाक्यं फार छान जमली होती.

तो आला नाही. थोड्या वेळानं समोरून रंध्याचा आवाज यायला लागला. आल्बर्ट एकटाच काम करायचा, त्याच्याकडे कारागीर नव्हता. म्हणजे तो स्वतःच आईची पेटी करायला बसला होता. रंधा चालायचा आणि थांबायचा. पुन्हा चालायचा, मध्येच थांबायचा. जो या कामातला आहे, त्याला त्या आवाजावरून कळतं की फळी नासतेय.

आता बघा, मला कुणी बोलावलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले असते तर गल्लीत, मंडळीत, त्याच्या पॅरिशमध्ये, कुणीही मला नाव ठेवलं नसतं. उलट बरोबर केलं म्हणाले असते. फोनवर पेटी मिळते, हे त्यालाही माहीत होतं. मी सुई खाली ठेवली आणि टेप घेतली.

“वैनी, खंय चाललात?” रघुनाथ म्हणाला.

“समोर.”

“तो इलो हुतो साहेबांसाठी? मगे तुमी कित्याक जातास?”

“मला माहीत नाही.”

खरंच माहीत नव्हतं. शरद असता तर एव्हाना जाऊन आला असता, एवढंच डोक्यात होतं, आणि त्याचाही मला रागच येत होता. गल्ली ओलांडायला काहीच वेळ लागत नाही. मला बराच लागला.

आल्बर्ट फळीवर वाकला होता. मला बघून सरळ झाला.

“रंधा खाली ठेव,” मी म्हटलं.

“कुणीतरी करायला पाहिजे ना, वहिनी.”

“तू नाही. माप घेतलंस?”

“घेतलं. दर वेळी वेगळं येतंय.”

माप मी घेतलं. म्हातारी माणसं शेवटी आखडतात, रोझमाय तर लहान मुलीएवढी झाली होती. तिच्या बोटांना मसाल्याचा वास होता अजून. मला तिथे हुंदका आला आणि मी तो येऊ दिला, कारण ती माझ्या घरची नव्हती, आणि आमच्या रीतीत मनाई फक्त घरच्या माणसाच्या पेटीला आहे, परक्या माणसासाठी रडायला नाही. परत दुकानात आले तर रघुनाथनं स्टोव्हवर पाणी चढवलं होतं, फळी वाकवायला. “पाणी तापत ठेवलंय,” म्हणाला, दुसरीकडे बघत. पेटी आम्ही दोघांनी केली. पायाशी मी जरा सैल जागा धरली. तिला काही गरज नव्हती, ती बाई केवढीशी. कड्यांची आतली कड कानशीनं गोल केली. झाकणावर मूर्तीचा क्रूस लावला. मागच्या त्या मयताच्या थोरल्या भावांनी बघितलं असतं तर पुन्हा ओरडले असते.

झाकण लावायच्या वेळी पेटी करणाऱ्यानं घरच्यांना एकदा विचारायचं असतं, “बंद करू?” त्यांनी हो म्हणेपर्यंत थांबायचं. या धंद्यात घाई नसलेली ही एकच वेळ. आल्बर्टनं जन्मभर हे दुसऱ्यांना विचारलं होतं. मी त्याला विचारलं. तो आईकडे बघत राहिला. फादर आणि बाकीचे लोक दाराबाहेर होते.

“त्या दिवशी मी आतच होतो, वहिनी,” तो म्हणाला. “शरददादा गेला तेव्हा. शटरच्या आत.”

“माहीत आहे. खालून दिवा दिसत होता.”

“मला माप घेता आलं नसतं गं. त्याच्याकडे बघवलं नसतं.”

मी जमवून ठेवलेली दोन-चार वाक्यं तेव्हा आठवली असती तर बोलले असते. एकही आठवलं नाही. शरदचे गुडघे तेवढे आठवले.

“पेटी आखूड आली त्याला,” मी म्हटलं.

त्याला हे ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईच्या पायांकडे बघितलं. तिथली सैल जागा त्याला दिसली. धंद्यातला माणूस, त्याला न दिसून कसं चालेल? तो पेटीच्या कडेला हात धरून खालीच बसला आणि मोठमोठ्यानं रडला. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो ‘कर’ म्हणाला, मग मी बंद केलं.

इथे गोष्ट संपली तर लेख बरा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं, समोर आल्बर्ट आपल्या दारात झाडत होता, आणि मला त्याचा पहिल्याइतकाच राग आला. मला वाटलं होतं, काल मिटलं. लसीसारखं एकदा टोचून घेतलं की झालं, अशी माझी समजूत होती. तर तसं नसतं. मी विचारलं, “चहा घेणार का?” तो हो म्हणाला, त्याचाही राग आला. तिसऱ्या दिवशी थोडा कमी, चौथ्या दिवशी पुन्हा जास्त. पाळकसाहेब सांगायचे क्रूस रोज उचलायचा असतो, तेव्हा मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. आता वाटतं, ते अगदी साधं सांगत होते. काल उचललेला आज सकाळी पुन्हा दारातच असतो.

त्या रविवारी उपासनेला मी नेहमीच्या बाकावर बसले होते. सूचनांची वेळ आली आणि मागून कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. आल्बर्ट होता, काळ्या कपड्यांत. जन्मात आमच्या चर्चच्या आत आला नव्हता. मी त्याला सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. तो उभा राहून म्हणाला, “माझं एक सांगायचं आहे. शरददादांनी जुनं सामान कधी वापरलं नाही. ते मी वापरलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि ते कुणाला बोलले नाहीत. मी त्यांच्यावर खोटा आळ घातला.”

मी ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट बघितली, तो हा. सगळ्यांना कळलं. फक्त ज्यांना कळायला हवं होतं त्यातले बहुतेक आमच्याच पेट्यांतून केव्हाच गेले होते. जुन्या पंचांपैकी एकच उरलेत, पहिल्या बाकावर, त्यांना ऐकू येत नाही. अर्धी मंडळी नवी, टॉवरमध्ये राहायला आलेली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं आईला विचारलं, “कोण शरद?” आईनं खांदे उडवले. नव्या पाळकसाहेबांना कडी, फळी यातलं काही माहीत नव्हतं. ते प्रेमळपणे म्हणाले, “बंधू, साक्षीबद्दल धन्यवाद,” आणि महिला मंडळाच्या सहलीची सूचना वाचायला घेतली.

शरदची मला त्या क्षणी इतकी आठवण आली, की बाक घट्ट धरून बसावं लागलं. हे ऐकायला एवढ्या माणसांत मी एकटीच होते, आणि मला तर ते आधीपासून माहीत होतं.

सहलीची सूचना संपली आणि शेवटचं गीत सुरू झालं. सगळे उठले. मी मागे वळून पाहिलं. आल्बर्ट शेवटच्या बाकाशी तसाच उभा होता, रिकाम्या हातांनी. आमची गीतं त्याला येत नाहीत, आणि तो उभा होता तो बाक सबंध मोकळा होता. मी माझं पुस्तक घेतलं आणि मधल्या वाटेनं मागे गेले. त्याच्या शेजारी उभी राहिले, पान काढलं, पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं. तो गायला लागला. आवाज अत्यंत बेसूर, शब्द मागे, चाल तिसरीच. मी पुस्तक त्याच्या बाजूला थोडं अजून कलवलं आणि जागची हलले नाही.